बेशेन आगायचं पाणी

बेशेन आगायांनी, म्हणजे आमच्या बेशेन सरांनी, डोंगरातल्या नारिनच्या विद्यापीठात तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, आणि त्या तीस वर्षांत दर मार्चमध्ये एकदा चुंबकीय अनुनादाचा धडा घेतला. फळ्यावर दोन चुंबकं काढायची, त्यांच्यामध्ये पाण्याची नळी, नळीभोवती तारेची वेटोळी. मग हात झाडून आमच्याकडे वळायचे.

"पाण्याच्या कणाकणात एक भोवरा आहे. चुंबकात ठेवला की ठरलेल्या वेगाने डोलतो. त्याच वेगाच्या रेडिओलहरीची त्याला हाक मारायची, आणि लगेच गप्प बसून कान द्यायचा. पाणी ओ देतं."

आणि ती ओ कशी दिसते ते काढून दाखवायचे: थरथरत विरत जाणारी एक रेघ. आम्ही ती वहीत उतरवून घ्यायचो. मीही उतरवली होती, तिसऱ्या वर्षाला असताना. पुढे मी त्याच विभागात साहाय्यक म्हणून लागले, त्यांच्या शेजारचं टेबल मला मिळालं, आणि तो धडा मी भिंतीपलीकडून दर वर्षी ऐकत राहिले.

सहासष्टाव्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाला त्यांच्या डोक्यावर मानाची टोपी ठेवली, खांद्यावर झगा घातला, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आगाय नेहमीची पिशवी घेऊन प्रयोगशाळेत हजर.

आमचे विभागप्रमुख तालाय बाइके म्हणाले, "आगाय, आता तरी घरी आराम करा की!"

"घरी आमची साल्किन आराम करते आहे. दोघांना पुरेल एवढा आराम त्या घरात नाही."

तालाय बाइके हसत निघून गेले. आगायांनी दार लावलं आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

"मैराम, तुला एक लाजेची गोष्ट सांगतो. ती ओ मी कधी पाहिलेली नाही."

मला आधी कळलंच नाही.

"पाण्याची. तीस वर्षं फळ्यावर काढली. मीही तुझ्यासारखी वहीतच उतरवून घेतली होती, माझ्या आगायांच्या फळ्यावरून. आणि त्यांनी तरी पाहिली होती की नाही, देव जाणे."

बाहेरून यंत्र मागवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. किंमत विचारायला पत्र पाठवलं होतं, उत्तर वाचून तालाय बाइकेंनी ते सगळ्यांना विनोद म्हणून दाखवलं होतं. म्हणून आगायांनी ठरवलं होतं, आपणच करायचं. टेबलावर मावेल एवढं. मला विचारलं नाही, गृहीत धरलं. मला बरंच वाटलं.

त्यात दोन हिवाळे गेले. लोखंडी चौकट आगायांच्या चुलतभावाने गॅरेजमध्ये कापून दिली, भंगारात निघालेल्या ट्रकच्या पट्ट्यांतून. चुंबकं राजधानीच्या, बिश्केकच्या बाजारातून आणली. ती चौकटीत बसवताना आगायांचं बोट मधे सापडलं, नख काळंनिळं झालं, आणि पुढचे दोन महिने ते येईल त्याला अभिमानाने दाखवत होते. ट्रान्समीटरसाठी लष्कराच्या एका जुन्या वायरलेस सेटमधले ट्रान्झिस्टर काढले. ऐकायला मात्र अगदी आजची वस्तू होती: कॉम्प्युटरवर टीव्ही पाहायचा चिनी डोंगल. त्याचं पोट उघडून मी आत दोन बारीक तारा सोल्डर केल्या, आणि तो टीव्ही सोडून आमच्या लहरी ऐकू लागला.

सगळ्यात छळलं ते एका गोष्टीने. हाक मारायची ती जोरात, आणि उत्तर येणार ते अगदी क्षीण. हाक चालू असताना कान घट्ट बंद हवेत, नाहीतर रिसीव्हर जळतो. आणि हाक संपताच, सेकंदाच्या लाखाव्या भागात, कान उघडे हवेत, नाहीतर ओ विरून गेलेली असते. ही उघडझाप करणारं सर्किट आम्ही अकरा वेळा केलं. चार रिसीव्हर जाळले. प्रत्येक जळाला की आगाय टोपी काढून छातीशी धरायचे आणि म्हणायचे, "शहीद झाला बिचारा."

बाहेर उणे पंचवीस, आत शेगडीवर हात शेकत आम्ही तारा जोडत होतो. साल्किन एजे, म्हणजे साल्किनताई, आगायांच्या पत्नी, दुपारी रुमालात बांधलेले गरम बोरसोक, कणकेचे तळलेले तुकडे, पाठवायच्या. कधी स्वतः यायच्या, दारात उभ्या राहून सगळा पसारा पाहायच्या.

"काय रे म्हाताऱ्या, बोललं का तुझं पाणी?"

"अजून नाही. लाजतंय."

"तुझ्या तोंडाकडे बघून कोण बोलेल! मैराम, तू विचार त्याला, तुझ्याशी बोलेल."

फेब्रुवारीच्या एका दुपारी ते बोललं. हाकेचा झटका दिला, पडद्यावर तो उंच उठला, आणि तो खाली येताच त्याच्यामागे एक शेपूट दिसलं. थरथरत विरत जाणारी रेघ, अगदी फळ्यावरची.

आगाय ओरडले नाहीत. त्यांनी कॉइल, नळी आणि भोवतीच्या अॅल्युमिनियमच्या डब्यासकट, चुंबकाच्या बाहेर काढली. शेपूट गेलं. परत आत ठेवली. शेपूट आलं. असं सात-आठ वेळा केलं. प्रयोग तपासायचा तसा तपासला, घाई केली नाही. मग चष्मा काढला आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ डोळे पुसत उभे राहिले.

मार्चच्या सुरुवातीला तालाय बाइकेंनी छोटा समारंभ ठेवला. विद्यार्थी आले, जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा माणूस आला. आगायांनी नवा शर्ट घातला होता, त्यावर घड्या तशाच दिसत होत्या. त्यांनी तोच धडा घेतला, त्याच शब्दांत, फक्त या वेळी फळ्याऐवजी पडद्याकडे बोट केलं. टाळ्या पडल्या. साल्किन एजे पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आणि त्या आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या वर्गात बसल्या होत्या. पेपरात फोटो आला. बिश्केकला मे महिन्यात शिक्षकांची परिषद होती, तिथून आगायांना यंत्र घेऊन या असं बोलावणं आलं.

नऊ दिवसांनी मी दुसरी कॉइल गुंडाळायला घेतली. पाण्याची नळी पहिल्या कॉइलमध्ये आगायांनी मेणाने कायमची बंद केली होती, पाणी सांडून काही जळू नये म्हणून. मला तेलाची ओ पाहायची होती. सूर्यफुलाच्या तेलाची पाण्यापेक्षा वेगळी दिसते, असं वाचलं होतं. नवी कॉइल मी उघड्या नळीवर गुंडाळली, तशाच अॅल्युमिनियमच्या डब्यात बसवली, डबा चुंबकात ठेवला, आणि तेल ओतायच्या आधी जोडणी ठीक आहे ना हे बघायला एक झटका दिला.

शेपूट आलं.

नळीत काही नव्हतं. मी नळी उलटी करून पाहिली. रुमालाची सुरळी घालून पुसली. पुन्हा झटका दिला. तेच शेपूट, तेवढंच लांब.

मला वाटलं माझ्याच कॉइलमध्ये काही खोट आहे. दोन दिवस मी त्यात घालवले. आगाय त्या दिवसांत आले नव्हते, परिषदेचं भाषण घरी लिहीत होते. तिसऱ्या दिवशी मला शंका उरली नाही. आम्ही जे ऐकत होतो ते पाणी नव्हतं. ते काय होतं, हे मला माहीत नव्हतं, पण पाणी नव्हतं.

मी आईला फोन केला. ती घाटापलीकडे आत-बाशी गावात असते, तिला यातलं काही कळत नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हातारा माणूस आहे. राहू दे ना."

मी तसंच ठरवलं होतं. पण मग मला बिश्केकचं सभागृह दिसायला लागलं. शे-दीडशे शिक्षक, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी उठून सहज विचारतो: रिकामी नळी लावून पाहिलीत का? तिथे, सगळ्यांसमोर, भाषणाचे कागद हातात. ते चित्र मला सहन होईना.

मी त्यांच्या घरी गेले. साल्किन एजेंनी चहा ओतला, सायीची वाटी पुढे सरकवली. आगाय मला भाषण वाचून दाखवायला लागले. दुसऱ्या पानावर मी म्हटलं, "आगाय, थांबा. मी रिकाम्या नळीवर पाहिलं."

"काय पाहिलंस?"

"शेपूट येतं. रिकाम्या नळीलाही येतं."

त्यांनी कागद खाली ठेवले. रागावले नाहीत. साल्किन एजे एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. आगाय उठले, कोट घातला, आणि आम्ही दोघं चालत विद्यापीठात आलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "तुझ्या कॉइलमध्ये असेल काहीतरी."

"असेल," मी म्हटलं.

प्रयोगशाळेत त्यांनी माझ्या कॉइलला हातही लावला नाही. स्वतःची घेतली. चाकूने मेण खरवडलं. त्याला बराच वेळ लागला. मी पुढे झाले तर त्यांनी मान हलवली. नळीतलं पाणी त्यांनी चहाच्या पेल्यात ओतलं. नळी परत जागेवर ठेवून झटका दिला.

शेपूट तसंच होतं.

"ओली असेल आतून," ते म्हणाले.

नळी शेगडीवर धरली. पार सुकेपर्यंत, काच गरम होऊन बोटं भाजेपर्यंत धरली. थंड होऊ दिली. पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. मग त्यांनी नळीच काढून टाकली, नुसती कॉइल ठेवली. तरी तेच.

ते स्टुलावर बसले. "कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही." आईचं मी बोलले नाही.

"हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे शिकवतो. चुंबक काढून पाहिलं, पाणी काढून पाहिलं नाही." मग म्हणाले, "पाहायचं नसेल मला."

पुढचं सगळं त्यांनी स्वतः केलं. तालाय बाइकेंना त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "आगाय, कोणाला काय कळतंय! परिषद होऊन जाऊ द्या, मग सावकाश दुरुस्त करू." आगायांनी ऐकलं नाही. बिश्केकला पत्र पाठवून बोलावणं परत केलं. वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन चुकीची कबुली छापा म्हणून हटून बसले. त्या माणसाने सुटका करून घ्यायला शेवटच्या पानावर चार ओळी छापल्या.

आमचं गाव लहान आहे, शेवटचं पानही वाचलं जातं. विद्यार्थ्यांत 'बेशेन आगायचं पाणी' ही म्हणच पडली. ज्याच्या खिशात काही नाही त्याला म्हणायचे, "काय रे, बेशेन आगायचं पाणी का?" बाजारात मटणवाला एजेंना म्हणाला, "वहिनी, रिकाम्या भांड्यातून सूप काढायचं मशीन आम्हालाही द्या की एक." एजेंनी मांस तिथेच ठेवलं आणि परत आल्या. हे मला त्यांच्या शेजारणीने सांगितलं. त्यांनी स्वतः कधी नाही.

आगाय प्रयोगशाळेत यायचे थांबले.

मी दर आठवड्याला जायचे. ते खिडकीशी बसलेले असायचे. माझ्या आईची विचारपूस करायचे, घाटात बर्फ किती आहे विचारायचे. यंत्राचा विषय मी काढला की म्हणायचे, "तू कर. तुझे हात चांगले आहेत." एजे चहा ओतायच्या, पण साय पुढे येत नव्हती.

"रात्रीचं जेवत नाही," एकदा दारापर्यंत सोडायला आल्यावर त्या मला म्हणाल्या. "मी म्हटलं, अरे, एक रेघच होती ना ती. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कोणी परकीच."

एप्रिलच्या मध्याला, दुपारच्या तासाला, माझा फोन वाजला. मी वर्गाबाहेर आले.

"डबा," आगाय म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही. "तो अॅल्युमिनियमचा डबा आहे ना कॉइलभोवती, तोच वाजतोय. झटका बसला की पत्रा थरथरतो, चुंबकात थरथरला की कॉइलमध्ये वीज उठते. घंटा करून ठेवली आपण. म्हणून तर चुंबकाबाहेर काढलं की गप्प!"

त्यांचा आवाज जुना झाला होता, म्हणजे पूर्वीसारखा.

"मग आता?"

"पत्रा काढ. सर्किटचे तांब्याचे बोर्ड असतात ना, पातळ थराचे, त्यांचा डबा कर, आणि कॉइलपासून लांब ठेव. आणि एकाऐवजी दोन झटके दे. दुसऱ्यानंतर थांब. घंटा तोवर विझलेली असेल. पाणी असेल तर ते त्याच्या वेळेला परत उठेल. नसेल तर काही उठणार नाही."

"आगाय, तुम्ही या ना. उद्या या."

"उद्या पाटाचा गाळ काढायचाय, गल्लीतले सगळे निघणार आहेत. सोमवारी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, घरासमोरच्या पाटातला गाळ काढताना ते फावड्यावर टेकले, आणि मग खाली बसले. शेजाऱ्यांना वाटलं, दम लागलाय. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

अंगणात तंबू उभारला. आत बायका भिंतीकडे तोंड करून रडगाणं म्हणत होत्या, बाहेर पुरुष काठ्यांवर वाकून हंबरडा फोडत येणाऱ्यांना सामोरे जात होते. तालाय बाइके पोरासारखे रडले. फोटो छापणारा आणि चार ओळी छापणारा तो पेपरवालाही आला होता. मी तंबूत एजेंच्या मागे बसले. त्यांच्या रडगाण्यात नवऱ्याची सगळी कामं आली: घर बांधलं ते, दोन मुली वाढवल्या त्या, तीस वर्षं शिकवलेली मुलं. यंत्र आलं नाही.

मातीनंतर मी आठवडाभर प्रयोगशाळेचं दार उघडलं नाही. मग उघडलं. बोर्ड कापले, कडा सोल्डर करून डबा केला, कॉइलपासून लांब बसवला. नळीत पाणी घातलं. दोन झटके दिले. पहिल्यामागचं शेपूट जवळजवळ गेलं होतं. दुसऱ्यानंतर पडद्यावर सपाट रेघ चालत राहिली, चालत राहिली, आणि मग मधेच, जिथे कोणी हाक मारली नव्हती तिथे, एक छोटी टेकडी उठली आणि बसली.

मी पाणी ओतून दिलं. टेकडी गेली. पाणी घातलं. आली. तेल घातलं, आली, थोडी रुंद. रिकामी केली, गेली. अशी मी वीस वेळा तरी खात्री केली. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. कॉरिडॉरमध्ये कोणाचे तरी बूट वाजले, मला वाटलं हाक मारावी, पण काय सांगणार आणि कोणाला! मी यंत्र बंद केलं आणि त्यांच्या स्टुलावर बसून मोठ्याने रडले.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी त्यांच्या घरी गेले. पाहुणे पांगल्यावर भांडी पुसता पुसता एजेंना सांगितलं, "एजे, ते चाललं. आगायांनी सांगितलं तसं केलं आणि चाललं. आता खरंच पाणी बोलतं."

त्या पुसत राहिल्या. "कधी?"

"ते गेल्यानंतर. दहा-बारा दिवसांनी."

त्यांनी थाळी खाली ठेवली, दुसरी घेतली. "परिषद कधी होती ती, बिश्केकची?"

"काल संपली."

"म्हणजे तो तिथे पोचलाच नसता." त्यांचा आवाज चढला नाही. "तू गप्प राहिली असतीस, तर त्याने ते पाहिलंय असं समजून तो गेला असता. दीड महिना घरात रोज गाणं म्हणत होता, मैराम. चाळीस वर्षांत मी त्याला गाताना ऐकलं नव्हतं. तुझ्या त्या रेघेने तो गात होता."

मी म्हणाले, "एजे, मला वाटलं, तिथे सगळ्यांसमोर..."

"कळतंय मला का सांगितलंस. चांगल्यासाठीच सांगितलंस." थाळी पुसून झाली होती तरी त्या पुसत होत्या. "पण मला माझा गाणारा म्हातारा पुरायचा होता गं."

मी पुढची थाळी उचलून पुसायला घेतली. आज कोणी म्हणतं, त्यांनी स्वतः शोधलं डबा कसा वाजतो ते, जायच्या आदल्या दिवशी त्यांचा आवाज उत्साहाने भरलेला होता, ते काय कमी आहे? असेल. पण ते फोनवर मी ऐकलं, एजेंनी नाही. त्यांनी पाहिला तो खिडकीशी बसलेला माणूस.

यंत्र टेबलावर आहे. तिसऱ्या वर्षाची मुलं दर मार्चमध्ये ते चालवतात, नळी भरतात, रिकामी करतात, टेकडी उठते-बसते ती मोबाइलवर टिपून घेतात. बिश्केकहून दोन शिक्षक येऊन यंत्राचे आराखडे घेऊन गेले, आता त्यांच्याकडेही तसं एक आहे. आराखड्यावर पहिलं नाव आगायांचं आहे.

एजेंना मी दोनदा बोलावलं. पहिल्यांदा गुडघा दुखतोय म्हणाल्या, दुसऱ्यांदा काही कारण दिलं नाही. बाजारात भेटतात. थांबतात, माझ्या आईची तब्येत विचारतात, थंडीत कानटोपी का घातली नाहीस म्हणून रागावतात. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि चालायला लागतात. चहाला ये, असं म्हणत नाहीत.